पुस्तक आपलं, किल्ली त्यांची



श्रुतपंचमी जवळ आली की आमच्या घरी दोन कामं एकदम निघतात. एक वाळवणाचं, दुसरं ग्रंथांचं. नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू! त्या दिवशीही गच्चीवर एका चादरीवर मुगाचे सांडगे होते आणि वरच्या दोरीवर ग्रंथांची धुतलेली वेष्टनं. खाली बैठकीत सासूबाई चौरंगावर ग्रंथ मांडून एकेक पान उलटून बघत होत्या, कुठे कसर लागली आहे का. वयाची पंच्याहत्तरी झाली, पण हे काम त्या दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

तेवढ्यात कूलरच्या खोलीतून आमची लेक लॅपटॉप घेऊन बाहेर आली. डोळे लाल. परीक्षेला नऊ दिवस राहिले होते.

"आई, हे पुस्तक मला कॉपीच करू देत नाही."

मी आधी रागावले. म्हटलं, कॉपी कशाला करायची, अभ्यास कर. मग तिने समोर बसवून सगळं दाखवलं, तेव्हा कळलं की चूक माझ्या समजण्यात होती.

ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका विषयाचं इंग्रजी पुस्तक लागत होतं. कागदी पुस्तक महाग, आणि डिजिटल जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होतं. मीच म्हटलं होतं, हेच घे, पैसे वाचतील आणि घरात जागाही अडणार नाही. पैसे माझ्याच फोनवरून गेले. बटणावर ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

आता आमच्या लेकीची अभ्यासाची पद्धत सांगते. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. त्यामुळे इंग्रजीतला अवघड परिच्छेद ती उचलते, आपल्या वहीत म्हणजे लॅपटॉपवरच्या वहीत ठेवते, शेजारी मराठीत अर्थ लिहिते, अडलेलं वाक्य भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून बघते आणि शेवटी सगळं स्वतःच्या शब्दांत उतरवते. पहिल्या दोन वर्षांत याच पद्धतीने ती चांगली पास झाली. या पुस्तकात चौथ्या धड्यापर्यंत तसं करता आलं. मग पडद्यावर सूचना आली की तुमची कॉपी करण्याची मर्यादा संपली. छापून घ्यावं तर छापायची सोयच बंद. पडद्याचा फोटो काढावा तर नुसता काळा चौकोन येतो. वर्ष संपलं की पुस्तकही बंद होणार, हे तर आम्हाला तेव्हाच कळलं. बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं होतं म्हणे.

वर तिच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, डोकं दुखतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की पडद्यासमोर कमी बसा, कागदावर वाचा. कागदावर आणायचं कसं?

मी हेल्पलाइनला फोन केला. वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ती पॉलिसी आहे." मी म्हटलं, अरे बाळा, पुस्तक आम्ही विकत घेतलंय. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुस्तक नाही, वाचण्याचं लायसन्स घेतलंय." मी फोन ठेवला. त्या मुलाचा काय दोष?

मला माझी पुस्तकं आठवली. माझं माहेर कारंजाचं. माझं बारावीचं प्रत्येक पुस्तक मावसबहिणीकडून आलेलं असायचं. पहिल्या पानावर तीन नावं, तिसरं माझं. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा. माझ्यानंतर ते शेजारच्या मुलीकडे गेलं. लेक शाळेत असताना बालभारतीची पुस्तकं तर संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येत होती. कोरोनाच्या वर्षी शाळा बंद होत्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून धडे छापून आणले आणि शिवून वह्या केल्या. सरकारी पुस्तकाला कुलूप नाही आणि पैसे मोजून घेतलेल्याला आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यात काही केल्या बसेना.

आता खरी गोष्ट पुढे आहे.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो, तेव्हा लेक हळूच म्हणाली, "आई, वर्गातल्या एकीकडे याच पुस्तकाची कुलूप तोडलेली पीडीएफ आहे. टेलिग्रामवर फिरते आहे. घेऊ का? आपण पैसे तर दिलेच आहेत. मग ती चोरी कशी?"

मैत्रिणींनो, मी पाच अणुव्रतं घेतली आहेत हे तुम्हाला माहीत आहे. मी लगेच म्हटलं, "नाही. न दिलेलं घ्यायचं नाही." एवढं बोलून मला वाटलं, संपलं. तर ती म्हणाली, "मग रोज सकाळी तू ग्रुपवर येणारी पेपरची पीडीएफ वाचतेस, ती तुला कोणी दिली?"

माझा घास हातातच राहिला. लॉकडाऊनमध्ये पेपर बंद झाला तेव्हापासून ती सवय लागली होती. पेपर पुन्हा सुरू झाला तरी मी काही लावला नाही. फुकट मिळतोय ना! शिवाय मीच ती पुढे चार ग्रुपवर पाठवत होते, सेवा समजून. पेपरवाल्या काकांची लाइन त्यामुळे किती कमी झाली असेल, हा विचार एकदाही मनात आला नाही.

त्या रात्री मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. अचौर्याचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात, पण मोबाइलला लावून कधी बघत नाही. चोराला मदत करणं, ते स्तेनप्रयोग. चोरीचा माल घेणं, ते तदाहृतादान. म्हणजे टेलिग्रामची पीडीएफ आणि माझा पेपरही त्यातच. राज्याच्या नियमाविरुद्ध जाणं, ते विरुद्धराज्यातिक्रम. आणि मग चौथा आला, तिथे मी थांबले. हीनाधिकमानोन्मान. घेताना जास्तीचं माप, देताना कमीचं.

आपण व्यापारी समाज. हा अतिचार आपल्या घरात लहानपणापासून ऐकवला जातो. माझे सासरे इतवारीत दुकानावर बसत. तराजू रोज सकाळी पुसून, रिकामा तोलून बघत आणि मगच पहिलं गिऱ्हाईक घेत. मला वाटलं, ‘खरेदी करा’ असं लिहून एका वर्षाचं भाडं घेणं, पुस्तक म्हणून देणं आणि त्यातून चार धडेही उतरवून न घेऊ देणं, हे देतानाचं कमी माप नाही का? घेणाऱ्याला अचौर्य आहे, मग विकणाऱ्याला नाही का? त्या यादीत दोघेही शेजारी शेजारी बसले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या वेष्टन बांधत होत्या. म्हणाल्या, "कुलपाची गोष्ट तर या ग्रंथाचीच आहे. पोरीला बोलाव."

त्यांच्या हातात धवलेचा एक खंड होता. श्रुतपंचमी का, हे तर आपल्याला माहीतच आहे. गिरनारच्या गुहेत धरसेन आचार्यांना वाटलं की आपल्यानंतर हे ज्ञान लोपेल, म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते दिलं. त्यांनी षट्खंडागम लिहिला आणि तो पूर्ण झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा. पुढे वीरसेन आचार्यांनी त्यावर धवला टीका लिहिली. पण त्यानंतरची गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. या ग्रंथांच्या जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्रांच्या प्रती मूडबिद्रीला उरल्या होत्या. लोक यात्रेला जात, लांबून दर्शन घेत, नमस्कार करत आणि परत येत. वाचायला मिळत नसे, उतरवून घ्यायला तर मुळीच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, म्हणजे ज्यांनी ‘जैन बोधक’ सुरू केलं ते, यांनी खटपट करून प्रत करण्याची परवानगी मिळवली. ती प्रत तिथेच राहायची होती. ते काम वर्षानुवर्षं चाललं. ते करणाऱ्यांत गजपती शास्त्री होते. त्यांनी घरी गुपचूप आणखी एक प्रत तयार केली, आणि त्यात त्यांच्या विदुषी पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा, मोठा हात होता. ती प्रत घेऊन ते सोलापूरला गेले. शेठजींनी ती ठेवून घेतली नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेतली. तिथे तिची देवनागरी प्रत करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःसाठी एक जास्तीची केली, आणि तिच्यावरून झालेल्या प्रती गावोगाव पोचल्या. आऱ्याला, अमरावतीला, आपल्या कारंजालाही.

याच प्रतींवरून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ग्रंथ संपादित केला. १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला आणि १९५८ पर्यंत सोळा खंड झाले. हेच हिरालालजी नंतर आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात होते. बर्डीला जाताना त्या टी पॉइंटवरून आपण रोज जातो, पण कधी आठवण येत नाही. काही खंड निघाल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनीही मूळ ताडपत्रांशी ताडून बघायची परवानगी दिली. मात्र तोवर काही ताडपत्रं झिजली, तुटली होती.

लेकीने सगळं ऐकलं. मग विचारलं, "आजी, ज्यांनी ती प्रत परत पाठवली ते बरोबर, की ज्यांनी ठेवून घेतली ते?"

सासूबाईंनी वेष्टनाची गाठ मारली आणि म्हणाल्या, "दोघांनाही झोप लागली असेल का, ते बघ."

मला हे उत्तर आधी अर्धवट वाटलं, पण दिवसभर ते मनात राहिलं. मूडबिद्रीच्या लोकांनी कुलूप लावलं म्हणून शेकडो वर्षं ग्रंथ टिकला, हे खरं. आणि कुलूप उघडलं नसतं तर तो तिथेच झिजून संपला असता, हेही तितकंच खरं. त्या ग्रंथाच्या कर्त्यांनी तर ज्ञान लोपू नये म्हणूनच तो लिहिला होता. त्याची प्रत केल्याने कुणाचं पोट मारलं जात नव्हतं. आपल्या लेकीच्या पुस्तकाचं तसं नाही. ते लिहिणारे डॉक्टर जिवंत आहेत, चित्रं काढणारा आहे, छापणारा आहे. सगळ्यांनीच टेलिग्रामवरून घेतलं तर पुढचं पुस्तक लिहील कोण? म्हणून त्या दोन गोष्टी मला एका तराजूत घालता येत नाहीत. पण कॉपी करू न देण्यातून ज्ञानाचं काय होतं, ते आपल्या समाजाने सोसलेलं आहे, एवढं नक्की.

माझा मामेभाऊ इथल्या हायकोर्टात वकील आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच कलम ५२ आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात उतरवून घेणं हा हक्कभंग नाही. त्याने दिल्ली विद्यापीठाचा खटलाही सांगितला. विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. शिक्षकांनी नेमलेल्या पुस्तकांतली पानं एकत्र करून ते मुलांना देत. २०१२ मध्ये तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो फेटाळला. न्यायाधीशांनी निकालात आपले विद्यार्थिदशेतले दिवस आठवले आहेत, की तेव्हा मुलं ग्रंथालयात बसून हाताने पानं उतरवून घेत. हाताने केलेलं चालतं, तर मशीनने केल्याने ते चुकीचं होत नाही, असा त्यांचा विचार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील झालं, तेव्हा दोन न्यायाधीशांच्या पीठानेही शिकवण्यासाठी लागतील तेवढ्या प्रती करता येतात हे तत्त्व मान्य केलं. आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही.

"मग कुलूप तोडलं तर?" मी विचारलं. तो हसला. म्हणाला, २०१२ च्या दुरुस्तीत त्यासाठी शिक्षेचं कलम आलं आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यात हेतू हक्क मोडण्याचा असावा लागतो. ज्याला कायद्याची मनाई नाही अशा कामाला त्यातून वगळलं आहे. "म्हणजे ताई, हक्क तुला आहे, पण किल्ली कंपनीकडे आहे. कायदा तुला म्हणतो, उतरवून घे. पडदा म्हणतो, नाही."

हे ऐकून मला हलकं वाटलं, पण टेलिग्रामच्या पीडीएफचा प्रश्न सुटला नाही. ती अख्ख्या पुस्तकाची, कुणीतरी जगभर वाटलेली. ती नकोच, असं मी लेकीला सांगितलं. मात्र या वेळी हुकूम म्हणून नाही. आधी माझी चूक कबूल केली. तिच्यासमोर पेपरचा ग्रुप सोडला आणि पेपरवाल्या काकांना फोन करून एक तारखेपासून पेपर लावला. ती काही बोलली नाही. पण रात्री तिनेच येऊन सांगितलं की मैत्रिणीला नाही म्हटलंय.

मग आम्ही हाताने लिहायला बसलो. तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या पुस्तकाची एकच कागदी प्रत आहे, तिथेच बसून वाचायची. दोन दिवस तिने तिथे बसून आकृत्या आणि तक्ते काढून आणले. घरी मी पडद्यावरून वाचायचे आणि ती लिहायची, म्हणजे तिच्या डोळ्यांना ताण नको. फिजिओथेरपीचं मला ओ की ठो कळत नाही. ‘फेमोरल’ला मी काय काय म्हटलं असेल, ते तिलाच विचारा! सासूबाई मध्येच पन्हं आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाच, वाच, लक्ष्मीबाई."

पाच दिवसांत अडीच वह्या भरल्या. पेपर कसे गेले, तर दोन चांगले, एक बरा. हाताने लिहिलेलं लक्षात राहतं, असं ती आता म्हणते. पण मी याचं कौतुक करणार नाही. ज्या मुलीच्या घरी वाचून दाखवायला कुणी नाही, जी दिवसा कुठे काम करते, जिचा हात किंवा डोळे साथ देत नाहीत, तिने काय करायचं? आमच्या पाच दिवसांच्या जागरणाने त्या कंपनीचं माप पुरं होत नाही.

कंपनीला मी पत्र पाठवलंय, मराठीत. तीनच गोष्टी मागितल्या. स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवून आणि छापून घेता यावं. भाडं असेल तर बटणावर ‘भाड्याने घ्या’ असं मोठ्या अक्षरात लिहावं. आणि खरेदी असेल तर पुस्तक धाकट्या बहिणीला देता यावं. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही मुलांसाठी असं पुस्तक घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी चार प्रश्न विचारा. किती दिवसांसाठी आहे? किती कॉपी करता येईल? छापता येईल का? आणि किती फोन-लॅपटॉपवर उघडेल? उत्तर नीट मिळालं नाही, तर जुनं कागदी पुस्तक शोधा, सीनियर मुलींकडे विचारा, ग्रंथालयात बघा. थोडी दगदग होईल, पण पुढे देता येईल अशी वस्तू हातात राहील.

आणि एक. दहाव्या-अकराव्या शतकातल्या अत्तिमब्बेचं नाव तुम्ही ऐकलं असेल, कर्नाटकातली, जिला दानचिंतामणी म्हणत. छपाई नव्हती तेव्हा तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या. एका बाईने! आपण चार दानांमध्ये शास्त्रदान म्हणतो, ते हेच. आता आपल्या मंदिरातल्या महिला मंडळात मी विषय काढला आहे की या श्रुतपंचमीपासून कॉलेजच्या मुलामुलींसाठी कागदी पुस्तकांचं एक कपाट ठेवावं. कपाटाला कुलूप नको, एक वही पुरे. नाव लिहा, न्या, वापरा, परत आणा. पहिली सात पुस्तकं आली आहेत. आमच्या अडीच वह्याही, पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी, लेकीने स्वतःहून त्यात ठेवल्या.

तुमच्याकडे जुनी पुस्तकं पडून असतील तर रविवारी सकाळी पूजेनंतर आणून द्या. पहिल्या पानावर नावं असली तरी खोडू नका, तशीच राहू द्या.

जय जिनेंद्र.